लिनेक्सचे पहिले पारितोषिक : अलाबामा, १९६८

१९६८ साल. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील टस्कलूसा येथे, राज्य विद्यापीठाच्या आवारात शालेय विद्यार्थ्यांच्या अभियांत्रिकी प्रकल्पांचे प्रदर्शन भरले आहे. राज्यातील माध्यमिक शाळांची मुले आपापली यंत्रे मांडून उभी आहेत. या सगळ्यांत कृष्णवर्णीयांची शाळा एकच : मोबील शहरातील विल्यमसन हायस्कूल. तिच्या टेबलाशी साडेतीन फूट उंचीचा एक यंत्रमानव उभा आहे. त्याचे नाव लिनेक्स, आणि त्याचा कर्ता अठरा वर्षांचा लॉनी जॉन्सन.

आजचा धागा या एका टेबलाविषयी आहे. थोडा लांबेल, कारण या टेबलापर्यंत पोहोचण्यापूर्वी याच विद्यापीठाच्या एका दाराशी थांबावे लागते.

११ जून १९६३. विव्हियन मलोन आणि जेम्स हूड हे दोन कृष्णवर्णीय विद्यार्थी प्रवेशाची नोंद करण्यासाठी विद्यापीठाच्या फॉस्टर सभागृहाशी आले. दारात स्वतः राज्यपाल जॉर्ज वॉलेस आडवे उभे होते. अध्यक्ष केनेडी यांनी राज्याचे नॅशनल गार्ड दल केंद्राच्या अखत्यारीत घेतले, तेव्हा कुठे वॉलेस बाजूला झाले. मलोन मोबीलच्याच. १९६५ मध्ये त्या या विद्यापीठाच्या पहिल्या कृष्णवर्णीय पदवीधर ठरल्या. म्हणजे जॉन्सन आपला यंत्रमानव घेऊन ज्या आवारात आला, तेथे त्याच्या वर्णाच्या पहिल्या पदवीधराला तीन वर्षे झाली होती.

आता प्रदर्शनाकडे. विद्यार्थ्यांनी स्वतः काही घडवावे, मांडावे आणि परीक्षकांसमोर समजावून सांगावे, ही पद्धत अमेरिकेत १९२० च्या दशकात रुजू लागली. न्यूयॉर्कच्या ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट’ या संस्थेने १९२८ मध्ये निसर्गविज्ञान संग्रहालयात मुलांचा मेळा भरवला. त्याचा सूर निसर्गनिरीक्षणाचा आणि छंदाचा होता. दुसऱ्या महायुद्धाने तो सूर पालटला. १९४२ मध्ये ‘सायन्स सर्व्हिस’ ही संस्था आणि वेस्टिंगहाउस ही विद्युत कंपनी यांनी मिळून विज्ञानातील गुणवान मुले हुडकणारी राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. छंद मागे पडला आणि ‘शोध’ हा शब्द पुढे आला. देशाला शास्त्रज्ञ हवे होते, आणि ते शाळेतच निवडून काढायचे होते. १९५० मध्ये फिलाडेल्फियात पहिला राष्ट्रीय विज्ञान मेळा भरला. अंतिम फेरीत तीस मुले होती. त्याच सुमारास मिशिगनमधून ‘ज्युनिअर इंजिनीअरिंग टेक्निकल सोसायटी’, म्हणजे ‘जेट्स’, ही शालेय मंडळांची चळवळ निघाली. टस्कलूसाचे प्रदर्शन याच जेट्सचे.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि अमेरिकेत घबराट पसरली. पुढच्याच वर्षी, २ सप्टेंबर १९५८ रोजी, राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा झाला. विज्ञान, गणित आणि परकीय भाषा यांच्या शिक्षणासाठी केंद्राचा पैसा प्रथमच एवढ्या प्रमाणात शाळा-महाविद्यालयांकडे वळला; चार वर्षांसाठी सुमारे एक अब्ज डॉलर.

हा कायदा मांडणारे दोघे, सिनेटर लिस्टर हिल आणि प्रतिनिधी कार्ल इलियट, अलाबामाचेच होते. दोघेही गरीब मुलांच्या शिक्षणाचे खरे कैवारी. आणि दोघांच्याही सह्या १९५६ च्या ‘दक्षिणेच्या जाहीरनाम्या’वर आहेत. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालाला विरोध करणारा हा दस्तऐवज. मला हा विरोधाभास केवळ ढोंग वाटत नाही. केंद्राचा पैसा शाळांकडे वळवण्याचा प्रयत्न होई, तेव्हा ‘वर्णभेद पाळणाऱ्या शाळांना तो द्यायचा का’ या प्रश्नावर विधेयके अडत. ‘संरक्षण’ या शब्दाने तो प्रश्न ओलांडून जाण्याची वाट दिली. पैसा आला, वेगळ्या शाळा वेगळ्याच राहिल्या. (इलियट यांच्याविषयी एवढे सांगायला हवे की पुढे ते वॉलेस यांच्या विरोधात उभे राहिले आणि त्यापायी त्यांचे राजकीय आयुष्य संपले.)

विल्यमसन ही अशाच वेगळ्या शाळांपैकी एक. देश गुणवान मुलांच्या शोधात आहे अशी घोषणा होत होती, त्याच काळात या मुलाने भंगारातून सुटे भाग गोळा करून वर्षभर लिनेक्स जुळवला. दुरून आज्ञा देण्यासाठी वॉकी-टॉकी आणि रिळांचा टेपरेकॉर्डर वापरला. हातांची हालचाल मात्र दाबलेल्या हवेवर चाले. टाकीत हवा कोंडायची, झडप उघडली की ती नळकांड्यात शिरते, दट्ट्या सरकतो आणि हात वळतो. प्रत्येक सांध्याला स्वतंत्र विद्युत मोटर आणि दंतचक्रे बसवण्यापेक्षा भंगारावर भिस्त असलेल्या मुलाला हेच परवडणारे. पण परवडते म्हणून ते सोपे नव्हे. हवा दाबली जाते, फुगते, गळते. तिच्याकडून नेमकी हालचाल करून घेणे हे अभियंत्याचे काम आहे.

लिनेक्सला पहिले पारितोषिक मिळाले.

येथे घाई करू नये. ज्या राज्यात पाच वर्षांपूर्वी राज्यपाल दारात उभे राहिले होते, तेथील परीक्षकांनी कृष्णवर्णीय मुलाच्या यंत्राला पहिले ठरवले. टेबलावर यंत्र चालले आणि निकाल यंत्राकडे पाहून दिला गेला, हे त्यांच्या श्रेयाचे. मात्र जॉन्सन यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे की त्या संपूर्ण स्पर्धेत विद्यापीठाच्या लोकांनी त्यांच्याशी काढलेले शब्द निरोपाचे तेवढे होते : परतताना गाडी जपून चालवा. अभियांत्रिकी प्रदर्शन भरवणाऱ्या विद्यापीठाचा एक हेतू उघड असतो, उद्याचे विद्यार्थी आपल्याकडे वळवणे. राज्यातील पहिल्या क्रमांकाचा विद्यार्थी समोर उभा होता. गुण दिले गेले. आमंत्रण दिले गेले नाही.

जॉन्सन टस्कीगीला गेले. हे नाव मराठी वाचकाला परके नाही. वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे ती संस्था आपल्याकडे घरोघरी पोहोचली आहे. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे जॉन्सनचेही बालपणापासूनचे प्रेरणास्थान. १९७३ मध्ये यंत्र अभियांत्रिकीची आणि १९७५ मध्ये अणु अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते बाहेर पडले, हवाई दलात गेले, आणि नासाच्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेत गुरूकडे निघालेल्या गॅलिलिओ यानावर काम केले.

१९८२ मध्ये घरी ते शीतकरणाच्या एका पंपावर प्रयोग करत होते. नेहमीच्या रासायनिक वायूऐवजी पाणी वापरता येते का, हा प्रश्न होता. न्हाणीघरात जोडलेल्या तोटीतून पाण्याची जोरकस धार खोलीभर गेली. त्या धारेतून ‘सुपर सोकर’ ही पाण्याची बंदूक जन्मली. १९८६ मध्ये तिचे पेटंट मिळाले आणि १९९० मध्ये, वेगळ्या नावाने, ती बाजारात आली. आपल्या पिचकारीत पाणी हाताच्या जोरावर ढकलले जाते, त्यामुळे धार हाताबरोबर थांबते. जॉन्सननी दट्ट्याने आधी हवा कोंडून ठेवली. घोडा दाबला की तीच कोंडलेली हवा पाणी ढकलते, आणि म्हणून सहा-सात वर्षांचे मूलही लांब धार मारू शकते.

लिनेक्सचे हात हलत होते ते याच कोंडलेल्या हवेवर.