न शिकवलेले धडे

तुमच्या हातात घड्याळ आहे, मांडीवर वही. समोर लाकडी पट्ट्या ठोकून केलेला ओबडधोबड पिंजरा. आत भुकेलं मांजर, बाहेर माशाचा तुकडा. साल १८९८, शहर न्यूयॉर्क, कोलंबिया विद्यापीठ. मांजराला आत सोडून दार लावणारे तरुण गृहस्थ म्हणजे एडवर्ड थॉर्नडाइक. हार्वर्डला असताना ते कोंबडीच्या पिल्लांवर प्रयोग करत. घरमालकिणीने पिल्लं खोलीत ठेवू दिली नाहीत, तेव्हा त्यांचे प्राध्यापक विल्यम जेम्स यांनी आपल्या घराचं तळघर त्यांना वापरायला दिलं. प्राणी शिकतो म्हणजे नेमकं काय होतं, या प्रश्नाने त्यांना पछाडलं आहे.

मांजर पट्ट्या चावतं, ओरबाडतं, फटीतून अंग बाहेर काढू पाहतं. या झटापटीत पंजा एका दोरीच्या फासात अडकतो, दोरी ओढली जाते आणि दार उघडतं. मांजर मासा खातं. थॉर्नडाइक त्याला पुन्हा आत ठेवतात, तुम्ही पुन्हा वेळ लिहिता. हे कितीतरी वेळा चालतं. वहीतले आकडे उतरत जातात, पण एकदम नाही. कधी थोडे कमी, कधी पुन्हा जास्त. मांजराला युक्ती ‘कळली’ असती तर वेळ एका झटक्यात खाली आला असता, असं थॉर्नडाइक म्हणतात. ज्या कृतीनंतर समाधान मिळतं ती टिकते, बाकीच्या गळून पडतात. डी.एड., बी.एड.च्या पुस्तकांत हाच ‘परिणामाचा नियम’ आणि हीच ‘प्रयत्न-प्रमाद पद्धती’.

निघण्यापूर्वी पिंजरा एकदा नीट बघून घ्या. दोरी ओढल्यावर दार का उघडतं, हे आतून दिसण्याची सोयच नाही. मांजराला समजूत दाखवायची संधी मिळालेलीच नाही. पुढच्या प्रत्येक मुक्कामावर हा प्रश्न सोबत ठेवा: शिकवणाऱ्याने जे ठरवलं होतं, त्यापलीकडे शिकणारा काय शिकला?

आता तुम्ही १९१४ मध्ये, रशियाच्या राजधानीत, सेंट पीटर्सबर्गमध्ये आहात. इव्हान पावलोव्ह यांना पचनक्रियेवरच्या संशोधनासाठी नोबेल मिळून दहा वर्षं झाली आहेत. समोर एक कुत्रा पट्ट्यांनी बांधून उभा केलाय. शस्त्रक्रिया करून त्याच्या लाळेची नलिका गालातून बाहेर काढली आहे आणि लाळेचे थेंब मोजले जाताहेत. या सगळ्याची सुरुवात एका अडचणीतून झाली होती. अन्न तोंडात पडण्याआधीच, नेहमी खायला घालणारा माणूस नुसता दिसला तरी कुत्र्यांना लाळ सुटायची. पचनाच्या प्रयोगात हा व्यत्यय होता. पावलोव्ह यांनी तो व्यत्ययच अभ्यासाला घेतला. मेट्रोनोमची टिकटिक आणि मागोमाग अन्न, असं पुन्हापुन्हा केलं की नुसत्या टिकटिकीने लाळ येऊ लागते. अन्न देणं थांबवलं की लाळ ओसरते, आणि मध्ये काही काळ गेला की आपोआप परतते. पुसलं गेलं असं वाटलेलं शिक्षण पुसलेलं नसतं.

पण तुम्हाला इथे आणलंय ते दुसऱ्याच प्रयोगासाठी. पावलोव्ह यांच्या सहकारी शेंगर-क्रेस्तोव्हनिकोवा एका कुत्र्याला आकृत्या दाखवताहेत. वर्तुळ दिसलं की अन्न, लंबवर्तुळ दिसलं की काही नाही. कुत्रा हा फरक सहज शिकतो. मग लंबवर्तुळ टप्प्याटप्प्याने गोल होत जातं. त्याच्या अक्षांचं प्रमाण ९ : ८ वर येतं आणि तिथे कुत्रा अडतो. आठवडे जातात, फरक ओळखणं सुधारण्याऐवजी बिघडतं. आजवर शांत उभा राहणारा तो प्राणी केकाटू लागतो, अंग झटकतो, अंगावरची उपकरणं दातांनी तोडतो. पूर्वीची सोपी आकृती दाखवून बघा. तीही त्याला आता ओळखता येत नाही.

क्षणभर इथे थांबा. कुणी त्याला मारलेलं नाही, उपाशी ठेवलेलं नाही. उत्तर सापडणारच नाही असा प्रश्न रोज विचारला, एवढंच. न पेलणारी परीक्षा रोज घेतली तर आधी येत असलेलंही हातचं जातं. शिक्षकांच्या प्रत्येक प्रशिक्षणात हा कुत्रा आठवला पाहिजे.

त्याच वर्षांत आफ्रिकेजवळच्या टेनेरीफ बेटावर वोल्फगांग कोलर चिंपांझींसमोर बसले आहेत. सुलतान नावाचा चिंपांझी बांबूच्या दोन काठ्या एकमेकींत खोचून एक लांब काठी करतो आणि पिंजऱ्याबाहेरचं केळं ओढून घेतो. इथे सगळी सामग्री नजरेसमोर आहे, म्हणून समजुतीला वाव आहे. मराठी पुस्तकं याला ‘मर्मदृष्टी’ म्हणतात.

यापुढचा मुक्काम जड आहे. बाल्टिमोर, १९२०च्या आसपासचा हिवाळा, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ. जॉन वॉटसन यांनी १९१३ मध्येच जाहीर केलं होतं की मानसशास्त्राने मन, जाणीव वगैरे शब्द सोडून द्यावेत आणि डोळ्यांना दिसेल त्या वर्तनाचाच अभ्यास करावा. वर्तनवादाचा तो जाहीरनामा. आज त्यांच्यासोबत रोझाली रेनर आहेत, आणि गादीवर अकरा महिन्यांचं एक बाळ. संशोधन-लेखात त्याचं नाव अल्बर्ट बी. असं आहे. दोन महिन्यांपूर्वी त्याला पांढरा उंदीर, ससा, कुत्रा, माकड, मुखवटे, अगदी पेटलेले कागदही दाखवले होते. तो कशालाच घाबरला नव्हता.

आता पांढरा उंदीर त्याच्याजवळ सोडतात. बाळ हात पुढे करतं. बोटं उंदराला लागतात न लागतात तोच त्याच्या डोक्यामागे लोखंडी कांबीवर हातोडा आदळतो. तुम्ही स्वतः दचकता. बाळ उसळून पुढे पडतं, तोंड गादीत खुपसतं. दुसऱ्यांदा तेच. आठवड्याने पुन्हा. सातव्या जोडीनंतर नुसता उंदीर समोर ठेवतात, हातोडा गप्प. बाळ रडतं, वळतं, कोलमडतं आणि रांगत इतक्या वेगाने पळतं की टेबलाच्या कडेला पोचण्याआधी त्याला मोठ्या मुश्किलीने धरावं लागतं.

वॉटसन यांना हवं ते सिद्ध झालं. भीती शिकवता येते. पण पाच दिवसांनी ससा आणला तर बाळ त्यालाही भितं. कुत्रा आणि फरचा कोट यांनाही. या वस्तूंसोबत कधीच हातोडा वाजला नव्हता. धडा एकाच उंदराचा होता, बाळ त्यापलीकडे बरंच शिकलं. काही आठवड्यांतच ते जिथे राहत होतं त्या रुग्णालयातून गेलं. त्याची भीती घालवण्याचा प्रयत्न झालाच नाही. विज्ञानाच्या नावावर हे कर्ज आहे आणि ते फिटलेलं नाही.

ते कर्ज निदान मान्य करणारी बाई चार वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये भेटते. मेरी कव्हर जोन्स. त्यांच्यासमोरचा पीटर दोन वर्षं दहा महिन्यांचा आहे. ससा, फर, पिसं, कापूस, सगळ्याला घाबरतो, आणि ही भीती कुणी मुद्दाम घातलेली नाही. जोन्स घाई करत नाहीत. सशाला न भिणारी मुलं पीटरसोबत खेळायला असतात. ससा आधी खोलीच्या दूरच्या टोकाला, पिंजऱ्यात. मग बारा फुटांवर, मग चार, मग तीन. गाडी रुळावर येत असतानाच पीटरला लाल ज्वर होतो. रुग्णालयातून निघताना एक मोठा कुत्रा अंगावर येतो आणि सगळी भीती परत उभी राहते. जोन्स पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. आता पीटर उंच खुर्चीत बसून आवडीचं खात असतो आणि ससा, त्याला खाणं सोडावंसं वाटणार नाही एवढ्याच बेताने, जवळ येतो. शेवटी तो सशाला आपली बोटं कुरतडू देतो. आज असंख्य लोकांना अकारण भीतीतून बाहेर काढणाऱ्या उपचारपद्धतीची सुरुवात या खोलीत झाली. सातदा हातोडा मारून जे होतं, ते उलटवायला किती दिवसांची चिकाटी लागते, हे इथे नीट बघून घ्या.

१९३०, कॅलिफोर्निया, बर्कली. एडवर्ड टोलमन आणि होंझिक यांच्या प्रयोगशाळेत चौदा फाट्यांचा चक्रव्यूह आहे. उंदरांचे तीन गट. पहिल्याला शेवटी रोज अन्न मिळतं आणि त्याच्या चुका दिवसेंदिवस घटतात. दुसऱ्याला कधीच नाही, तो रमतगमत फिरतो. तिसऱ्याला दहा दिवस काही नाही. परिणामाचा नियम लावाल तर हा तिसरा गट काहीच शिकत नाहीये. अकराव्या दिवशी त्याला प्रथमच अन्न मिळतं. बाराव्या दिवशी तुम्ही चुका मोजता आणि आकडा धाडकन खाली आलेला दिसतो, रोज बक्षीस मिळणाऱ्या गटाच्या बरोबरीला. म्हणजे ते दहा दिवस वाया गेले नव्हते. उंदीर हिंडत होते आणि डोक्यात वाटांचा नकाशा तयार होत होता. दाखवण्याचं कारण नव्हतं, म्हणून दिसत नव्हता. वर्गात शेवटच्या बाकावर गप्प बसणारं मूल काही शिकत नाही, असं म्हणण्यापूर्वी या उंदरांची आठवण ठेवा.

११ नोव्हेंबर १९५३, केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स. तुम्ही पालक म्हणून शाळेतल्या एका वर्गात मागे बसला आहात. गणिताचा तास. शेजारी बसलेले पालक म्हणजे बी. एफ. स्किनर. दाणा देणाऱ्या पेटीत कबुतरांना आणि उंदरांना हवं ते वर्तन पायरीपायरीने शिकवण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही. बक्षीस कधी मिळेल हे अनिश्चित ठेवलं की वर्तन सर्वांत चिवट होतं, हेही त्यांनी दाखवलंय. जुगाराच्या यंत्रावरून माणूस का उठत नाही, याचं ते उत्तर होतं. आज फोन पुन्हापुन्हा उघडून बघणाऱ्या हातालाही ते लागू पडतं. १९४८ साली त्यांनी भुकेल्या कबुतरांना, ती काहीही करोत, ठरावीक वेळाने दाणा दिला होता. आठांपैकी सहा कबुतरं आपापला विधी करू लागली. एक गोल गोल फिरे, एक कोपऱ्यात डोकं घुसवी. योगायोगाने दाणा आला तेव्हा जे चाललं होतं, तेच त्यांनी धरून ठेवलं. कुणी न शिकवलेलं शिक्षण, तेही खुद्द स्किनरच्या पेटीत.

आता वर्गाकडे बघा. मुलं उदाहरणं सोडवताहेत. काहींचं केव्हाच आटोपलंय, ती चुळबुळ करताहेत. काही पहिल्याच उदाहरणावर अडलीत. बरोबर की चूक, हे वही तपासून येईल तेव्हा कळणार. स्किनर अस्वस्थ होतात. कबुतराला क्षणात कळतं, मुलाला का नाही? आणि सगळ्यांनी एकाच गतीने का चालायचं? काही दिवसांतच ते अध्यापनयंत्राचा पहिला नमुना तयार करतात: छोटा प्रश्न, मुलाचं उत्तर, ताबडतोब निकाल, मग पुढचा प्रश्न. त्यांच्या उत्तराशी वाद घालता येईल. मुलाला मनच नसल्यासारखं बघणं अपुरंच होतं. माणसाची भाषा या चौकटीत मावत नाही, हे नोम चॉम्स्की यांनी १९५९ मध्ये सडेतोड मांडलं. पण त्या दिवशी मागच्या बाकावर स्किनरना जे खुपलं, ते खरं होतं आणि आजही खरं आहे.

शेवटचा मुक्काम स्टॅनफर्ड, १९६१. विद्यापीठाच्या बालवाडीतली बहात्तर मुलं. अल्बर्ट बँडुरा यांनी मांडलेल्या खोलीत एक मूल कोपऱ्यात चित्रं चिकटवतंय. दुसऱ्या कोपऱ्यात एक मोठी व्यक्ती हवा भरलेल्या बाहुल्याला ठोसे मारते, हातोडीने बडवते, उचलून फेकते. मुलाला कुणी काही सांगत नाही, बक्षीस नाही, शिक्षा नाही. नंतर त्याला तसाच बाहुला असलेल्या खोलीत सोडतात. तुम्ही एकतर्फी काचेतून बघता. मूल हातोडी उचलतं. तेच फटके, तेच शब्द. ज्यांनी शांतपणे खेळणारी व्यक्ती पाहिली, त्यांच्यात हे फारच कमी. मूल चित्रं चिकटवत होतं, तेव्हा त्याचा अभ्यास चालू होता.

आता परत या. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळांतही आता ‘ज्ञानरचनावाद’ हा शब्द रुळलाय. मूल स्वतः ज्ञान रचतं, हा त्याचा अर्थ आणि त्यामागे पियाजे, व्हिगोट्स्की यांचं मोठं काम आहे. पण भिंतीवर तक्ते लावले आणि वर्गात धाक तोच ठेवला, तर मूल तक्त्यांपेक्षा धाकच जास्त शिकेल. शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना २०१० पासून बंदी आहे. ती बंदी केवळ दयेपोटी नाही. गणित न आल्याबद्दल मार खाणारं मूल गणित शिकत नाही. ते गणिताचा तास, ते सर, ती शाळा यांना भिण्याचा धडा शिकतं आणि अल्बर्टसारखं तो पुढे पसरवत नेतं.

तुम्ही शिक्षक असा, आई-बाप असा, आजी-आजोबा असा. मुलाला काय शिकवलं, हे रात्री आठवून बघाल तेव्हा त्यासोबत हेही विचारा: आज त्याने माझ्याकडे बघून काय उचललं? मी विचारलेला प्रश्न त्याला पेलणारा होता का? बरोबर केलेलं त्याला वेळेवर कळलं का? आणि आज ते माझ्यामुळे कशाला घाबरलं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं, तर उद्यापासून मेरी कव्हर जोन्स यांच्यासारखं, फूट-फूट करत, ते भय परत घ्यायला लागा.