पानाची डावी बाजू

सणाच्या जेवणाची गोष्ट निघाली म्हणजे प्रथम पक्वान्नाचें नांव तोंडीं येतें. होळीस पुरणपोळी, पाडव्यास श्रीखंड, गणेशचतुर्थीस मोदक, हा क्रम महाराष्ट्रांत लहान मुलासही पाठ असतो. परंतु पक्वान्नावरून घराची ओळख पटत नाहीं. श्रीखंड जसें कोल्हापूरच्या कुटुंबांत असतें तसेंच तें नागपूरच्या कुटुंबांतही असतें, आणि अलीकडे दोन्ही ठिकाणीं तें बहुधा दुकानांतल्या डब्यांतूनच येतें. घर ओळखावयाचें असेल तर पानाच्या डाव्या बाजूकडे पाहावें. तेथें वाढलेली बोटभर चटणी, चमचाभर कोशिंबीर आणि लोणच्याची एक फोड ह्या त्या कुटुंबाचें मूळ गांव, तेथली जमीन आणि तेथला पाऊस ह्यांची जितकी खूण सांगतात, तितकी उजवीकडची भरलेली वाटी सांगत नाहीं. नवी मुंबईसारख्या पन्नास-पंचावन्न वर्षांत वसलेल्या शहरांत, जेथें एकेका इमारतींत चार-चार जिल्ह्यांचीं बिऱ्हाडें आहेत, तेथें ह्या लहानशा पदार्थांचा इतिहास मुद्दाम पाहण्यासारखा आहे.

केळीचें पान वाढण्याची मराठी रीत ठरलेली आहे. पानाच्या वरच्या कडेस मधोमध मीठ. त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचें. उजवीकडे भाज्या आणि आमटी. मध्यें भाताची मूद आणि तिजवर वरण व तूप. ह्या मांडणींत एक विचार आहे. उजवी बाजू पोट भरण्यासाठीं आहे, डावी बाजू रुचि राखण्यासाठीं. उजवीकडचें पुनःपुन्हां मागून घ्यावयाचें, डावीकडचें शेवटच्या घासापर्यंत पुरवावयाचें. आयुर्वेदानें गोड, आंबट, खारट, तिखट, कडू आणि तुरट असे सहा रस मानले आहेत. पक्वान्न ह्यांपैकीं एकट्या गोडाची सोय करतें. बाकीच्या रसांचा भार बहुतांशीं डाव्या बाजूवरच पडतो. गुढीपाडव्याच्या सकाळीं कडुलिंबाचीं पानें गूळ, जिरें, मीठ व हिंग ह्यांसह वाटून खाण्याची चाल आहे. तीही एका अर्थानें वर्षांतली पहिली चटणीच होय.

ही रीत जुनी आहे म्हणून तींतील प्रत्येक पदार्थही तितकाच जुना असेल असा समज सहज होतो. इतिहास निराळें सांगतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्यानें बाराव्या शतकांत ‘मानसोल्लास’ नांवाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यांतील अन्नभोगाच्या प्रकरणांत राजाच्या भोजनाचें सविस्तर वर्णन आहे. परंतु त्या राजवाड्याच्या स्वयंपाकघरांत मिरची नव्हती, शेंगदाणा नव्हता, बटाटा नव्हता, मका नव्हता आणि टोमॅटोही नव्हता. तिखटपणा हवा असेल तर मिरीं, पिंपळी आणि आलें ह्यांवरच भिस्त होती. वर सांगितलेल्या पांचही वस्तु मूळच्या अमेरिका खंडांतल्या. आणि ते खंड युरोपाला ठाऊक झालें तेंच मुळीं १४९२ नंतर.

वास्को द गामा १४९८ मध्यें कालिकतला पोंचला. १५१० मध्यें पोर्तुगीजांनीं गोवें घेतलें आणि १५३४ मध्यें वसई त्यांच्या हातीं आली. आज नवी मुंबईलगत असणारें उरण, म्हणजे जुनें करंजा बेट, हेंही दीर्घकाळ पोर्तुगीजांच्या अंमलाखालीं होतें. पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर नव्या जगांतल्या ह्या वनस्पती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरल्या आणि हळूहळू घाट चढून देशावर गेल्या. १७३९ मध्यें चिमाजीअप्पांनीं वसई जिंकली आणि उत्तर कोंकणांतील पोर्तुगीजांचें राज्य संपलें. पण त्यांच्या जहाजांतून आलेली मिरची गेली नाहीं. ती तोंवर घरची झाली होती.

परक्या वस्तूला घरची करून घेण्याची मराठी भाषेची हातोटी येथें पाहण्यासारखी आहे. मिरचीला मिऱ्याचेंच नांव थोडें वळवून मिळालें. जमिनींत शेंगा धरणाऱ्या नव्या पिकाला लोकांनीं भुईमूग म्हटलें, म्हणजे जुन्या ओळखीच्या मुगाशीं त्याचें नातें जोडून दिलें. अमेरिकेंतून आलेल्या भोपळ्याला ‘लाल’ हें विशेषण लावून दुध्या भोपळ्याच्या पंगतींत बसविलें. बटाटा आणि काजू ह्यांनीं मात्र पोर्तुगीजांच्या तोंडचीं नांवें जवळजवळ तशींच राखलीं.

सणाच्या पानावर डावीकडे वाढलें जाणारें पंचामृत हा ह्या मिश्रणाचा उत्तम नमुना आहे. पूजेंतलें दूध, दहीं, तूप, मध व साखर ह्यांचें पंचामृत तें हें नव्हे. हें पंचामृत चिंचेचा कोळ, गूळ, तिळाचें कूट, खोबऱ्याचे काप, शेंगदाणे आणि हिरव्या मिरच्यांचे तुकडे एकत्र शिजवून करतात. ह्यांतला तीळ सिंधु संस्कृतीइतका जुना आहे. चिंच मूळची आफ्रिकेची, पण ती येथें फार प्राचीन काळीं रुजली. शेंगदाणा आणि मिरची ह्या अमेरिकेच्या. तीन खंडांचा माल एका पळींत येतो, आणि वाढणारी गृहिणी त्याला ‘आमच्या घरचें पंचामृत’ म्हणते. तिचें म्हणणें खोटें नाहीं. गूळ किती, चिंच किती, मिरची कोवळी कीं जून, हें त्या घरानेंच पिढ्यान्‌पिढ्या ठरविलेलें असतें.

ह्याहूनही बोलकें उदाहरण ऋषिपंचमीच्या भाजीचें आहे. भाद्रपद शुद्ध पंचमीस, म्हणजे गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशीं, सप्तर्षि आणि अरुंधती ह्यांच्या पूजेचें व्रत असतें. त्या दिवशीं बैलाच्या कष्टानें पिकलेलें अन्न वर्ज्य. नांगरलेल्या शेतांतलें धान्य नको. परसांत, कुंपणावर, बांधावर आपोआप किंवा हातानें लावून आलेलें तेवढेंच चालावयाचें. म्हणून अळू, माठ, सुरण, पडवळ, दोडका, आंबाडे अशा भाज्या एकत्र शिजवितात. मसाला नाहीं, झणझणीत फोडणी नाहीं. कल्पना अशी कीं वनांत राहणारे ऋषि जें खात असतील तें हें अन्न. परंतु त्याच भाजींत मक्याच्या कणसाचे तुकडे, लाल भोपळ्याच्या फोडी आणि दोन-चार हिरव्या मिरच्याही असतात; आणि हीं तिन्हीं पिकें कोणत्याही प्राचीन ऋषीनें पाहिलीं असण्याचा संभव नाहीं. ह्यावरून व्रत खोटें ठरत नाहीं. बैलाला विश्रांति आणि नांगराशिवाय मिळेल तेवढ्यावर समाधान, हा नियम महत्त्वाचा होता. परसांत नवी वेल आली तेव्हां तिलाही त्या नियमांत जागा मिळाली. परंपरा जिवंत राहते ती नियम राखून आणि सामान बदलून.

हें सामान प्रांताप्रांतांत कसें बदललें त्यालाही कारणें आहेत. देशावर पाऊस कमी, म्हणून तेथें तीळ, कारळे, भुईमूग हीं गळिताचीं पिकें अधिक. त्यांच्या कोरड्या चटण्या होतात व त्या अनेक दिवस टिकतात. सोलापूरकडची शेंगाचटणी आणि साताऱ्याकडची कारळ्याची चटणी ह्या अशाच. विदर्भाच्या काळ्या जमिनींत थंडीच्या दिवसांत जवस येतो, त्यामुळें तिकडच्या पानावर जवसाची चटणी दिसते. खानदेशांत वांग्याचें भरीत. आणि मार्गशीर्षांतल्या चंपाषष्ठीस तर खंडोबाच्या नैवेद्यास भरीत आणि बाजरीचा रोडगा ह्यांनाच मान असतो. कोंकणांत नारळ मुबलक, म्हणून तेथली चटणी ओल्या खोबऱ्याची. सकाळीं वाटावी आणि रात्रीपर्यंत संपवावी. चटणी कोरडी कीं ओली एवढ्यावरून बिऱ्हाड घाटावरचें कीं घाटाखालचें तें कळूं शकतें.

हें ज्ञान पूर्वीं सासूकडून सुनेकडे तोंडीं जाई. छापील पुस्तकांची वाट पुढें निघाली. रामचंद्र सखाराम गुप्ते ह्यांचें ‘सूपशास्त्र’ १८७५ मध्यें प्रसिद्ध झालें. लक्ष्मीबाई धुरंधरांचें ‘गृहिणीमित्र’ १९१० मध्यें. सारस्वत महिला समाजाची ‘रसचंद्रिका’ १९४३ मध्यें. आणि कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० मध्यें. ‘रुचिरें’तील वाटी-चमच्याचीं मापें शहरांत नव्यानें संसार मांडणाऱ्या अनेक मुलींना आधार झालीं. जुनें घर सुटलें कीं पुस्तक लागतें, हा ह्या सर्व ग्रंथांमागचा समान धागा आहे.

‘रुचिरा’ निघाली त्याच वर्षीं, १७ मार्च १९७० रोजीं, खाडीपलीकडे जोडशहर वसविण्यासाठीं सिडको ह्या संस्थेची स्थापना झाली. ठाणें, पनवेल आणि उरण ह्या तालुक्यांतील ९५ गांवें ह्या योजनेखालीं आलीं. १९७३ मध्यें ठाण्याच्या खाडीवरील पूल वाहतुकीस खुला झाला. १९९२ मध्यें आगगाडी वाशीस आली. मग सातारा, सांगली, जळगांव, रत्नागिरी, अमरावती अशा सर्व जिल्ह्यांचीं कुटुंबें वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर येथें शेजारीशेजारी राहूं लागलीं. मुंबईचा घाऊक बाजारही वाशी-तुर्भ्यास हलला, त्यामुळें कारळे असोत कीं नारळ, कोणताही जिन्नस हाताशीं आला. गौरीच्या जेवणास शेजारणीकडून आलेली जवसाची चटणी कोंकणी घराच्या पानावर बसली आणि ओल्या खोबऱ्याची चटणी वऱ्हाडी पानावर गेली. चारशें वर्षांपूर्वीं मिरचीला जशी जागा मिळाली तशीच ही देवघेव आहे.

परंतु ह्याच शहरांत डावी बाजू एका घराची भरली आणि दुसऱ्याची रिकामी झाली, हेंही सांगितलें पाहिजे. येथले मूळचे रहिवासी आगरी आणि कोळी. भातशेती, मासेमारी आणि मिठागरें हे त्यांचे उद्योग. भात कापल्यावर शेतांत जी ओल उरे तिजवर वाल येत. त्यांना मोड आणून, सोलून केलेलें बिरडें हें ह्या पट्ट्यांतल्या अनेक घरांचें सणाचें अन्न. तें खाचर शहरासाठीं गेलें. जमिनीच्या मोबदल्यासाठीं लढा झाला. १९८४ च्या जानेवारींत जासईच्या परिसरांत गोळीबार होऊन पांच आंदोलक मृत्युमुखी पडले. पुढें संपादित जमिनीच्या बदल्यांत साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना त्या लढ्यांतूनच आली. भूखंडावर घर उभें राहतें. वाल मात्र उगवत नाहीं. तो आतां बाजारांतून आणावा लागतो. पावसाळ्याच्या तोंडाशीं शेवळें, पुढें कंटोलीं, टाकळा आणि कुरडू घेऊन पनवेलकडच्या डोंगरांतल्या आदिवासी स्त्रिया रस्त्याच्या कडेस बसतात. शेवळ्यांची खाज मोडण्यासाठीं त्यांत काकडाचीं फळें घालावीं लागतात, हें विकणारी जाणते. घेणाऱ्या नव्या पिढींतल्या कितीजणांस तें ठाऊक असेल, हा प्रश्नच आहे.

येथेंच ह्या साध्या पदार्थांचें खरें संकट आहे. पुरणपोळी विकत मिळते आणि मोदकही सांगितल्या वेळीं घरपोंच येतात. म्हणून पक्वान्नाला भय नाहीं. बोटभर चटणी कोणी मागवीत नाहीं, आणि जें मागविलें जात नाहीं तें पानावरून गळतें. तें गळलें तरी पंगत अडत नाहीं, त्यामुळें तें गेल्याचें ध्यानींही येत नाहीं. एके वर्षीं पंचामृत राहून जातें; दुसऱ्या वर्षीं त्याची आठवण निघते; तिसऱ्या वर्षीं तें कसें करावें हें सांगणारें माणूस नसतें.

ह्यावरचा उपाय खर्चाचा नाहीं. सणाच्या दिवशीं जेवण कोठूनही येवो, डाव्या बाजूचा एक तरी पदार्थ घरांत, घरच्या रीतीनें व्हावा. तो करतांना मुलामुलींनीं जवळ बसावें. आणि तो कोणत्या गांवाहून, कोणाच्या हातून आला हें त्यांस सांगावें. प्रमाण वहींत उतरवून ठेविल्यास अधिकच बरें. नवा शेजारी एखादी नवी चटणी घेऊन आला तर तिलाही जागा द्यावी, कारण जुन्यांनीं तसेंच केलें. नव्याला जागा देण्याची पानाची तयारी तर पूर्वींपासूनचीच आहे. जुन्याची जागा धरून ठेवणें तेवढें वाढणाऱ्याच्या हातीं आहे.