साकातेपेकचा साखर कारखाना आणि त्याचा फुटबॉल संघ

मेक्सिकोतील धंदेवाईक फुटबॉलच्या इतिहासात १९५० आणि २०२० ही दोन वर्षे एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत. १९५० साली तेथे द्वितीय श्रेणीची साखळी स्पर्धा सुरू झाली आणि तीत पहिल्या येणाऱ्या संघास प्रथम श्रेणीत चढण्याची वाट मोकळी झाली. २०२० साली ती वाट बंद करण्यात आली. या वाटेने सर्वांत आधी वर चढला तो साकातेपेकचा संघ. आणि ज्या वर्षी वाट बंद झाली त्याच वर्षी साकातेपेकचे नावही त्या श्रेणीतून नाहीसे झाले. हा निव्वळ योगायोग नव्हे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते तपासून पाहावयाचे तर प्रथम फुटबॉलचे मैदान सोडून उसाच्या फडात जावे लागेल.

साकातेपेक हे मोरेलोस राज्याच्या दक्षिण भागातील एक लहानसे गाव. नाहुआत्ल भाषेत या नावाचा अर्थ ‘गवताची टेकडी’ असा होतो. मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून २,२४० मीटर उंचीवर आहे, तर साकातेपेक जेमतेम ९०० मीटरवर. त्यामुळे राजधानीत हवा थंड असते त्या दिवसांतही येथे उकाडा असतो. ऊस या भागात सोळाव्या शतकात, स्पॅनिश अमलाबरोबर आला. पुढे जमीनदारांच्या मोठमोठ्या इस्टेटींनी खेड्यांच्या जमिनी आणि पाणी गिळंकृत केले. एमिलियानो सापाताचे बंड मुळात साखरेच्या या साम्राज्याविरुद्ध होते. तो याच राज्यातील आनेनेकुइल्को गावचा. १९११ च्या आयाला जाहीरनाम्यात त्याने खेड्यांच्या जमिनी परत मागितल्या आणि १० एप्रिल १९१९ रोजी चिनामेकाच्या इस्टेटीत दगा करून त्याला ठार मारण्यात आले. क्रांतीच्या धामधुमीत मोरेलोसमधील बहुतेक साखर कारखाने उद्ध्वस्त झाले. पुढे जमीन वाटली गेली. पण ऊस गाळावयाचा कोठे, हा प्रश्न उरला.

राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास यांनी या प्रश्नाला उत्तर दिले. त्यांच्या सरकारने साकातेपेक येथे मोठा आधुनिक कारखाना उभारला, त्यास सापाताचे नाव दिले आणि फेब्रुवारी १९३८ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. कारखाना सहकारी होता. ऊस उत्पादक शेतकरी आणि कामगार हे दोघेही त्याचे सभासद. सहकारी साखर कारखाना म्हणजे काय, हे मराठी वाचकास समजावून सांगण्याची गरज नाही. मात्र एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. हा कारखाना सभासदांनी भागभांडवल जमवून काढलेला नव्हता. तो सरकारने बांधून दिलेला होता आणि त्याचा व्यवस्थापकही सरकारच नेमीत असे. मालकी सभासदांची आणि किल्ल्या व्यवस्थापकाच्या कमरेला, अशी ती रचना होती. त्याच वर्षाच्या अखेरीस साकातेपेकला स्वतंत्र नगरपालिकेचा दर्जा मिळाला, तोही या कारखान्यामुळेच.

कारखान्याच्या प्रशासन मंडळाचा पहिला अध्यक्ष रुबेन हारामियो हा होता. तरुणपणी तो सापाताच्या सैन्यात लढला होता आणि हा कारखाना व्हावा म्हणून कार्देनास यांच्याकडे त्याने खटपट केली होती. परंतु थोड्याच वर्षांत उसाचा भाव, वजनकाटा आणि कामगारांची मजुरी यांवरून मंडळ आणि व्यवस्थापक यांत वितुष्ट आले. १९४२ मध्ये संप झाला, आणि पुढच्या वर्षी हारामियो शस्त्रे घेऊन डोंगरात गेला. १९४४ मध्ये त्यास माफी मिळाली. त्यानंतर राज्यपालपदाची निवडणूक, पुन्हा भूमिगत जीवन, १९५८ मध्ये पुन्हा माफी असा त्याचा प्रवास झाला. ही हकीकत फुटबॉलच्या इतिहासात आणण्याचे कारण असे की, साकातेपेक संघाच्या वैभवाचा काळ आणि ऊस उत्पादकांच्या या असंतोषाचा काळ एकच आहे.

क्लबची स्थापना सामान्यतः १९४८ सालची मानली जाते. कारखान्याचे कामगार आधीपासून खेळत होतेच. कारखान्याच्या पाठबळाने त्या खेळाला धंदेवाईक रूप आले. रंग हिरवा आणि पांढरा, आणि टोपणनाव ‘कान्येरोस’, म्हणजे ऊसवाले. मेक्सिकोत धंदेवाईक साखळी स्पर्धा १९४३ मध्ये सुरू झाली होती. तथापि पहिली काही वर्षे तीत खालून वर येण्याची नियमित सोय नव्हती. १९५०–५१ च्या हंगामात ती सोय झाली आणि द्वितीय श्रेणीचे पहिले विजेतेपद साकातेपेकने मिळविले. या संघाचा मार्गदर्शक होता इग्नासिओ त्रेयेस. १९१६ मध्ये जन्मलेला हा गृहस्थ पुढे मेक्सिकन फुटबॉलमधील सर्वांत यशस्वी मार्गदर्शकांपैकी एक ठरला. मार्ते, साकातेपेक, तोलुका आणि क्रूस आसुल या चार क्लबांना त्याने मिळून सात वेळा प्रथम श्रेणीचे विजेतेपद मिळवून दिले, आणि १९६२ व १९६६ च्या विश्वचषक स्पर्धांत तो राष्ट्रीय संघाबरोबर होता.

त्यातील पहिले विजेतेपद मार्तेचे, १९५३–५४ चे. मार्ते हा मूळचा राजधानीतील संघ. परंतु त्या वेळी तो मोरेलोसची राजधानी क्वेर्नाव्हाका येथे खेळत होता. पुढच्या वर्षी त्रेयेस साकातेपेकला परतला आणि १९५४–५५ चे विजेतेपद ऊसवाल्यांकडे आले. मागे पडला तो ग्वादालाहारासारखा मातबर संघ. म्हणजे मोरेलोससारख्या लहान राज्याने लागोपाठ दोन वर्षे देशाचा विजेता दिला. त्यातही मार्तेचे यश बाहेरून आलेले होते, तर साकातेपेकचे गावातच उगवलेले. द्वितीय श्रेणीतून चढून प्रथम श्रेणीत विजेता ठरलेला हा पहिलाच संघ. १९५७–५८ मध्ये त्याने हे यश पुन्हा मिळविले. त्या हंगामात साकातेपेकचा कार्लोस लारा हा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. मेक्सिको चषकही १९५६–५७ आणि १९५८–५९ असा दोनदा साकातेपेकला गेला. राउल कार्देनास (राष्ट्राध्यक्षांशी याचे केवळ आडनाव जुळते) हा याच संघातील बचावपटू. त्याने देशाकडून विश्वचषक स्पर्धा खेळल्या आणि १९७० च्या स्पर्धेत तो राष्ट्रीय संघाचा मार्गदर्शक होता.

या यशात हवामानाचा वाटा किती, याची चर्चा मेक्सिकोत आजही रंगते. पठारावरच्या थंड हवेतून आलेले पाहुणे भर दुपारच्या सामन्यात साकातेपेकच्या दमट उन्हात होरपळून निघत, अशी त्या मैदानाची ख्याती होती. १९६४ मध्ये उभ्या राहिलेल्या क्रीडांगणास क्लबचा खेळाडू आगुस्तिन ‘कोरुको’ दियास याचे नाव दिलेले असले, तरी लोक त्याला ‘उसाचे रान’ म्हणत. मात्र उन्हाने सामने जिंकता येतात, विजेतेपदे नव्हेत. साखळीतील निम्मे सामने दुसऱ्यांच्या गावी होत असत, हे विसरून चालणार नाही. खरे कारण हवेत नसून कारखान्याच्या तिजोरीत शोधावे लागते. प्रेक्षकांच्या तिकिटांवर विजेत्या संघाचा खर्च भागावा एवढी त्या गावाची वस्तीच नव्हती. गाळपाचा हंगाम चालू असेपर्यंत संघ चालत होता.

येथे एक अवघड प्रश्न उपस्थित होतो. तिजोरीतील पैसा कायद्याने सभासदांचा होता. त्याच वर्षांत तेच सभासद उसाच्या दरासाठी आणि काट्यातील मापासाठी व्यवस्थापनाशी भांडत होते. मग हा संघ त्यांचा होता, की त्यांना शांत ठेवण्यासाठी दिलेला खेळ होता? दुसरा पर्याय स्वीकारण्याचा मोह डाव्या विचारांच्या अभ्यासकास होतो. मला तो अपुरा वाटतो. ज्या शेतकऱ्याचा दर व्यवस्थापक ठरवीत होता, त्याच शेतकऱ्याला रविवारी ग्वादालाहाराला किंवा राजधानीच्या संघांना हरविणारा आपला संघ दिसत होता, आणि तो अभिमान खोटा नव्हता. परंतु संघाचे भवितव्यही दराप्रमाणेच दुसऱ्या कोणाच्या तरी मेजावर ठरत होते, हेही तितकेच खरे. या दोन गोष्टींतला विरोध त्या वेळी मिटला नाही.

१९६२ हे वर्ष दोन्ही इतिहासांत काळे आहे. १९६१–६२ च्या हंगामाअखेरीस संघ द्वितीय श्रेणीत घसरला. २३ मे १९६२ रोजी सैनिकांनी हारामियोला त्लाकिल्तेनांगो येथील घरातून नेले आणि सोचिकाल्कोच्या प्राचीन अवशेषांजवळ तो, त्याची गरोदर पत्नी एपिफानिया सुन्यिगा आणि तिघे मुलगे यांना ठार केले. या दोन घटनांत कार्यकारणभाव जोडणे हा बेजबाबदारपणा होईल. मात्र ज्यांच्या उसावर कारखाना चालत होता त्यांना त्या वर्षी मैदानात आणि मैदानाबाहेर काय सोसावे लागले, हे एकत्र ठेवल्याशिवाय त्या गावाचा इतिहास लिहिता येत नाही.

पुढची वीस-बावीस वर्षे चढउताराची आहेत आणि त्यांचा तपशील कंटाळवाणा होईल. १९६२–६३, १९६९–७०, १९७७–७८ आणि १९८३–८४ या हंगामांत साकातेपेकने द्वितीय श्रेणी जिंकली; पहिल्यासह ही विजेतेपदे एकूण पाच होतात. पाचदा चढणारा संघ तितक्याच वेळा उतरतो, हे ओघानेच आले. १९८४–८५ नंतर तो प्रथम श्रेणीत पुन्हा दिसला नाही.

याच्याशी ताडून पाहावे असे उदाहरण क्रूस आसुलचे आहे. तोही सहकारी कारखान्याचाच संघ. फरक इतका की तो कारखाना सिमेंटचा, आणि इदाल्गो राज्यातील हास्सो येथील. १९६४ मध्ये तो द्वितीय श्रेणीतून वर आला आणि १९७१ मध्ये आपले गाव सोडून राजधानीतील आस्तेका क्रीडांगणावर खेळू लागला. सत्तरच्या दशकात त्याने विजेतेपदांची रांग लावली. आणि गंमत अशी की, तीही प्रथम राउल कार्देनास व नंतर त्रेयेस या साकातेपेकमध्ये घडलेल्या दोघांच्या मार्गदर्शनाखाली. सिमेंटला देशभर बाजार होता आणि त्या संघाने राजधानीत प्रेक्षक मिळविला. साकातेपेकचा संघ गावातच राहिला. त्याच्या निष्ठेचे कौतुक करावयाचे की दूरदृष्टीच्या अभावाबद्दल दोष द्यावयाचा, हे ठरविणे कठीण आहे. पण गाव सोडले असते तर तो ऊसवाल्यांचा संघ उरला नसता, एवढे निश्चित.

दरम्यान साखर धंद्याचीच घडी मोडली. १९९० च्या आसपास सरकारी साखर कारखाने खाजगी मालकांकडे गेले; त्यांतील अनेक कर्जात बुडाले आणि सप्टेंबर २००१ मध्ये सरकारने सत्तावीस कारखाने ताब्यात घेतले. त्यांत साकातेपेकचाही होता. फुटबॉलमध्ये या काळात दुसरीच प्रथा रुळली होती. स्पर्धेत खेळण्याचा परवाना ही विकत घेता येण्याजोगी वस्तू झाली. परवाना ज्याच्या हाती त्याने संघ हव्या त्या शहरी न्यावा. २०१४ मध्ये जुने क्रीडांगण नव्याने बांधून सुमारे २४,००० प्रेक्षकांसाठी खुले करण्यात आले. पण त्यात खेळणाऱ्या संघाची मुळे आता कारखान्यात नव्हती.

२०२० च्या वसंतात, महामारीमुळे स्पर्धा थांबल्या असताना, द्वितीय श्रेणीतून वर चढण्याची पद्धत स्थगित करण्यात आली. कारण आर्थिक स्थैर्याचे सांगितले गेले. नव्वदी ओलांडूनही फुटबॉलविषयी बोलत राहिलेला त्रेयेस त्याच्या थोडे आधी, २४ मार्च रोजी, वयाच्या १०३ व्या वर्षी मेक्सिको शहरात वारला. जूनमध्ये मोरेलियाचा प्रथम श्रेणीतील संघ मासात्लानला हलविण्यात आला, आणि मोरेलियात निर्माण झालेली पोकळी भरून काढण्यासाठी साकातेपेकचा द्वितीय श्रेणीतील परवाना तिकडे नेण्यात आला. मोरेलियाचा नवा संघ आपला इतिहास मोरेलियाचाच सांगतो. १९५४–५५ आणि १९५७–५८ ची विजेतेपदे परवान्याबरोबर गेली नाहीत. विजेत्यांच्या यादीत त्या दोन वर्षांसमोर आजही साकातेपेक हेच नाव छापले जाते.