सोपाऱ्यात पुरले, पुढे काय झाले?

१२ ऑक्टोबर १३२१ रोजी जॉर्डनस नावाच्या डोमिनिकन साधूने गुजरातच्या किनाऱ्यावरून इराणातल्या आपल्या बांधवांना पत्र लिहिले. ठाण्यात सोबती मारले गेले, मी एकटा उरलो आहे, माणसे पाठवा, असा त्याचा आशय. घटनेची तारीख तो देत नाही. झावळ्यांच्या रविवाराआधीचा गुरुवार, एवढेच लिहितो. त्या वर्षी ईस्टर १९ एप्रिलला होता. म्हणजे झावळ्यांचा रविवार १२ एप्रिलला येतो आणि तो गुरुवार ९ एप्रिलला. चर्चच्या परंपरेतही ठाण्याच्या हुतात्म्यांसाठी हीच तारीख आहे.

मारले गेलेले चौघे असे: टोलेन्टिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स आणि सिएनाचा पीटर हे तीन फ्रान्सिस्कन, आणि त्यांच्यासोबतचा तिफ्लिसचा डिमिट्रियस. होर्मुझहून ते कोल्लमकडे निघाले होते, पण जहाज ठाण्याला लागले. तिथे नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबे होती, त्यांच्यातल्याच एका घरी ते उतरले. जॉर्डनस भडोचच्या वाटेला लागला आणि म्हणून वाचला. त्या घरातले नवराबायकोचे भांडण काझीपुढे गेले, साक्षीला या परदेशी साधूंची नावे निघाली आणि चौकशी धर्मावर घसरली. ठाण्याच्या अंमलदाराने त्यातल्या तिघांना खाडीपलीकडे काढून दिले होते, पण मागाहून माणसे पाठवून मारले; घरी राहिलेल्या पीटरला त्यानंतर मारले. हा तपशील ओडोरिक या दुसऱ्या फ्रान्सिस्कनाने सांगितला. तो काही काळाने ठाण्यात येऊन गेला होता.

देह जॉर्डनसने सोपाऱ्याला नेऊन संत थॉमसच्या चर्चमध्ये पुरले, असे फ्रान्सिस्कन नोंदी सांगतात. इथवरची हकीकत मला भक्कम वाटते. माणसे, गावे आणि अंतरे जुळतात, आणि पुरणारा स्वतः त्या मुलखात वावरत होता.

यापुढे मात्र पाऊल जपून टाकावे लागते. ओडोरिकने मे १३३० मध्ये पादुआत आपला प्रवास एका लेखनिकाला सांगितला. मी ती हाडे उकरली, चांगल्या कापडात गुंडाळली आणि जहाजाने चीनकडे नेली, असे तो म्हणतो. वाटेत तो ज्या घरात झोपला त्याला आग लावली गेली, पण ज्या कोपऱ्यात तो हाडे घेऊन होता तो जळला नाही. समुद्रात वारा पडला तेव्हा त्याने गुपचूप एक हाड पाण्यात सोडले आणि शिडे भरली. शेवटी झैतून, म्हणजे आजचे च्वानझोऊ, इथल्या मठात त्याने हाडे ठेवली.

त्याच झैतूनहून आंद्रेआ या फ्रान्सिस्कन बिशपने जानेवारी १३२६ मध्ये मायदेशी लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. चार साधू भारतात मारले गेले आणि एकाला दोनदा आगीत टाकूनही तो सुखरूप बाहेर आला, हे त्याला ठाऊक आहे. मात्र हाडांबद्दल तो अवाक्षर काढत नाही. मौन म्हणजे नकार नव्हे. तरीही आपल्याच शहरात असे अवशेष असते, तर आगीचा चमत्कार सांगताना बिशप ते विसरला असता, हे पटत नाही. कदाचित ओडोरिक त्यानंतर पोचला असेल. खुद्द आंद्रेआची लॅटिन अक्षरांची कबरशिळा च्वानझोऊत सापडली. या चौघांच्या नावाची तशी शिळा नाही. टोलेन्टिनोत मात्र थॉमसचे मस्तक असल्याची परंपरा आहे, आणि १८९४ मध्ये तेराव्या लिओ पोपने त्याच्या पूजनाला मान्यता दिली.

ओडोरिकची आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. चौघे जिथे पडले तिथली माती धुऊन पाणी प्यायले की आजार जातात, असे तो सांगतो. मार्को पोलोने तेच मैलापूरच्या संत थॉमसबद्दल लिहिले आहे: यात्रेकरू तिथली तांबडी माती नेतात आणि तापकऱ्याला देतात. आणि या दोघांच्या हजारएक वर्षे आधी, तिसऱ्या शतकातल्या 'थॉमसची कृत्ये' या सिरियाक ग्रंथात राजा मुलासाठी थॉमसची कबर उघडतो. हाडे आधीच पश्चिमेला नेलेली असतात, म्हणून तो तिथली धूळ घेतो आणि मुलगा बरा होतो. अंगाऱ्याची ही कथा एका कबरीवरून दुसऱ्या कबरीवर सरकत आली आहे. म्हणून ओडोरिकच्या मातीला मी डोळ्यांनी पाहिलेल्याचा पुरावा मानणार नाही. ती ऐकीव श्रद्धेची नोंद आहे, आणि तशी ती मोलाची आहे.

सोपाऱ्याच्या चर्चला थॉमसचे नाव होते म्हणून प्रेषित थॉमस इथे आला, असे म्हणणाऱ्यांनी त्या प्रेषिताच्याच अवशेषांचा प्रवास पाहावा. कबर मैलापूरला, हाडे एडेसाला, तिथून किओस बेटावर आणि १२५८ मध्ये इटलीतल्या ओर्तोनाला. पोर्तुगिजांनी १५२३ मध्ये मैलापूर खणले तेव्हा तिथेही हाडे मिळाली. बार्थोलोम्यूचे कल्याणशी जोडलेले नाते तर याहून विरळ आहे. पँटेनस भारतात गेला तेव्हा बार्थोलोम्यूने ठेवलेले मत्तयाचे शुभवर्तमान त्याला तिथे मिळाले, असे चौथ्या शतकात युसेबियस लिहितो. गावाचे नाव तो देत नाही. सहाव्या शतकात कॉस्मस 'कल्लियाना'त इराणहून नेमलेला बिशप असल्याचे सांगतो. ही दोन विधाने जोडून कल्याण हे बार्थोलोम्यूचे गाव ठरवले जाते. कॉस्मसवरून कोकणात जुनी ख्रिस्ती वस्ती होती असे म्हणता येते, त्यात प्रेषित नाही.

सोपाऱ्याला अवशेष पुरण्याची रीत ख्रिस्ती साधूंच्या फार आधीची आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथला बुरुड राजाचा कोट म्हणून ओळखला जाणारा स्तूप उकरला. दगडी पेटीत एकात एक करंडक आणि सगळ्यांत आत भिक्षापात्राचे तुकडे निघाले. ते बुद्धाच्या पात्राचे मानले गेले.

ठाण्याच्या प्रकरणात खुनाचा दिवस घटनेनंतर सुमारे सहा महिन्यांनी लिहिलेल्या पत्रातून ठरतो. दफनासाठी फ्रान्सिस्कन नोंदींचा आधार आहे. हाडांच्या चीनप्रवासाला एकट्या ओडोरिकचा शब्द आहे, तोही त्याच्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षी सांगितलेला. म्हणून चौघांची जागा विचारली तर मी आधी सोपारा म्हणेन, आणि झैतून ओडोरिकच्या नावावर लिहीन.