अष्ठीला ग्रंथीच्या कर्करोगावरील उपचार व मूत्रक्रिया

पुरुषाच्या मूत्राशयाखाली मूत्रमार्गाला वेढून असणाऱ्या अष्ठीला ग्रंथीचा कर्करोग बरा झाला, तरी उपचारांचे परिणाम रुग्णाच्या मूत्रक्रियेवर मागे राहू शकतात. प्रथम हे परिणाम जीव वाचल्याची अटळ किंमत मानले गेले. पुढे त्यांची शारीरिक कारणे शोधण्यात आली आणि अखेरीस रुग्णालाच प्रश्न विचारून त्यांचे मापन होऊ लागले. या विषयाच्या इतिहासाचे असे तीन टप्पे दिसतात.

मूत्र रोखून धरण्याचे कार्य मुख्यत्वे दोन परिसंकोची स्नायू करतात. एक मूत्राशयाच्या मानेशी असून तो अनैच्छिक असतो; दुसरा ग्रंथीच्या खालच्या टोकाशी असून तो बव्हंशी इच्छेच्या ताब्यात असतो. ग्रंथी समूळ काढताना पहिल्याचे कार्य बरेचसे नष्ट होते व सारा भार दुसऱ्यावर पडतो. त्यालाही इजा झाल्यास खोकताना, हसताना किंवा ओझे उचलताना मूत्र गळते. प्रारण चिकित्सेत हे स्नायू बहुधा शाबूत राहतात. परंतु मूत्राशय व मूत्रमार्ग यांच्या अस्तराचा क्षोभ होऊन वारंवार आणि तातडीने लघवीस जावे लागते. मूत्रातून रक्त जाणे, मूत्रमार्ग अरुंद होणे असे परिणाम काही वर्षांनंतरही उद्भवू शकतात.

बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ह्यू हँप्टन यंग यांनी १९०४ मध्ये वृषणकोश व गुदद्वार यांमधील भागातून छेद घेऊन ही कर्कग्रस्त ग्रंथी समूळ काढली. १९४५ मध्ये टेरेन्स मिलिन यांनी ग्रंथीच्या साध्या वाढीसाठी जघनास्थीमागील मार्ग प्रसिद्ध केला. तोच पुढे कर्करोगासाठीही वापरात आला. तथापि ग्रंथीपुढील शिराजालातून होणाऱ्या रक्तस्रावामुळे शस्त्रवैद्याला आतील रचना नीट दिसत नसे. पॅट्रिक वॉल्श यांनी १९७० नंतरच्या दशकात या शिरांवर नियंत्रण मिळविण्याची रीत बसविली. १९८१ मध्ये नेदर्लंड्समधील लायडन येथे पीटर डोंकर यांच्यासह केलेल्या विच्छेदनात लैंगिक क्रियेच्या तंत्रिका ग्रंथीच्या आवरणाबाहेरून जातात, असे त्यांना आढळले. १९८२ मध्ये त्यांनी या तंत्रिका हेतुपुरस्सर राखून शस्त्रक्रिया केली. रक्तहीन क्षेत्रात काम करता येऊ लागल्याने परिसंकोची स्नायू जपणेही सुकर झाले.

गळतीवरील उपायांचाही याच काळात विकास झाला. आर्नल्ड केगल यांनी १९४८ मध्ये स्त्रियांसाठी सुचविलेले श्रोणितलाच्या स्नायूंचे व्यायाम पुढे पुरुषांनाही शिकविण्यात येऊ लागले. तीव्र गळतीसाठी ब्रँटली स्कॉट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये कृत्रिम परिसंकोचीचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या आजच्या रूपात मूत्रमार्गाभोवती द्रवाने भरलेले कडे असते व लघवीच्या वेळी वृषणकोशातील पंप दाबून ते सैल करतात.

रुग्णाला नेमका किती त्रास होतो, याची नोंद दीर्घकाळ शस्त्रवैद्यच करीत. १९९८ मध्ये मार्क लिटविन व सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, वैद्याचा अंदाज आणि रुग्णाचे स्वतःचे सांगणे यांत मोठी तफावत असते. त्याच वर्षी त्यांनी रुग्णाने स्वतः भरावयाची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत मूत्र किती गळते आणि त्याचा जाच किती वाटतो, हे दोन प्रश्न वेगळे ठेवले होते. हा भेद महत्त्वाचा आहे. कारण तेवढीच गळती एकाला किरकोळ वाटते, तर दुसरा तिच्यापायी प्रवास, समारंभ व देवळात जाणेही सोडतो.

स्वीडनमधील रुग्णांविषयीच्या २००२ च्या अहवालात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ४९ टक्के व केवळ निरीक्षणाखाली असलेल्यांपैकी २१ टक्के पुरुषांनी मूत्रगळती सांगितली. उलट मूत्राच्या अडथळ्याचे प्रमाण अनुक्रमे २८ व ४४ टक्के होते. एकूण जीवनाच्या दर्जाबाबत मात्र दोन्ही गटांची उत्तरे जवळजवळ सारखी आली. माणूस परिस्थितीशी जुळवून घेतो. म्हणून केवळ ‘कसे आहात?’ एवढे विचारल्याने अशी व्यथा प्रकट होत नाही.

ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत १,६४३ पुरुषांची शस्त्रक्रिया, प्रारण चिकित्सा व सक्रिय निरीक्षण अशा तीन गटांत यदृच्छया विभागणी करण्यात आली. २०१६ च्या अहवालानुसार सहा महिन्यांनी शस्त्रक्रियेच्या गटातील ४६ टक्के पुरुष शोषक पट्ट्या वापरीत होते. सहा वर्षांनी हे प्रमाण १७ टक्क्यांवर आले. त्या वेळी निरीक्षणाच्या गटात ते ८, तर प्रारणाच्या गटात ४ टक्के होते. २०२३ मधील निष्कर्षांनुसार सुमारे १५ वर्षांत तिन्ही गटांत मिळून या कर्करोगाने सु. ३ टक्केच रुग्ण दगावले व गटागटांत लक्षणीय फरक नव्हता. मात्र निरीक्षणाच्या गटात रोग अधिक जणांत पसरला होता.

ग्रंथीपुरत्या मर्यादित व कमी धोक्याच्या रोगात उपचाराची निवड केवळ आयुर्मर्यादेवरून करता येत नाही, हे यावरून स्पष्ट होते. संभाव्य परिणाम आधी समजावून सांगणे आणि रुग्णाला त्यांपैकी काय सोसवेल हे त्याच्याकडूनच जाणून घेणे, हा आता उपचाराचाच भाग मानला जातो.