शिवलेली वही

कागद, कलम, शाई, दौत, दप्तर, रुमाल ही लेखनाच्या संसारातली जवळजवळ सारी चीजवस्त आपल्या भाषेत फारसीच्या वाटेने आली आणि इतकी घरचीच होऊन बसली, की शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला आणि त्यात लेखनवर्ग म्हणून एक स्वतंत्र प्रकरण योजून या शब्दांना संस्कृत प्रतिशब्द सिद्ध करून दिले, तरीही कारकुनाच्या पुढ्यातली दौत दौतच राहिली आणि त्याच्या बोटांना लागलेली शाई शाईच राहिली. या मेळाव्यात वही मात्र जुनी आणि देशी. तिचेच एक थोरले भावंड म्हणजे बाड. आणि महाराष्ट्राच्या वाङ्मयाचा व इतिहासाचा केवढा भाग या एका साध्या, हाताने शिवलेल्या वस्तूने तगवून धरला, याची जाणीव आपल्याला असावी तितकी नाही, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे.

बाड म्हणजे काय, हे आता समजावून सांगावे लागते. पोथीची पाने सुटी असतात. ती दोन फळ्यांमध्ये धरून बासनात बांधायची आणि वाचताना एकेक पान उचलून पलीकडे उपडे ठेवायचे, ही तिची रीत. पोथी देव्हाऱ्यापाशी राहते, तिला सोवळेओवळे असते, आणि तिचा आरंभ व समाप्ती ग्रंथकर्त्याने ठरवून दिलेली असते. बाडाची पाने दोऱ्याने शिवलेली; ते बहुधा लांबट, कापडात गुंडाळून झोळीत टाकता येईल असे, आणि त्यात काय असावे हे ठरविणारा त्याचा धनी, दुसरा कोणी नव्हे. रामदासी, कीर्तनकार, शाहीर, वैद्य, जोशी, गावचा कुळकर्णी, जो जो म्हणून हातात बोरू धरीत असे, त्याचे स्वतःचे एखादे बाड असे. आणि म्हणूनच एका पानावर करुणाष्टके, त्यांच्या पाठीवर विंचवाच्या विषावरचा उतारा, पुढे कोणाची जन्मवेळ, मग एखादी लावणी, आणि समासात उसनवारीची नोंद, असा प्रकार त्यांत आढळतो. ग्रंथाची ओळ न् ओळ उतरून देणारा नकलनवीस हा ग्रंथाचा सेवक होय. परंतु बाड बांधणारा मनुष्य निवड करतो, क्रम लावतो, काही वगळतो, काही आपल्या पदरचे घालतो, आणि अशा रीतीने स्वतः एकही कवन न रचता तो एक प्रकारचा कर्ता होतो.

हे कर्तेपण कागदापासूनच सुरू होई. जुन्नरचा कागद आणि दौलताबादचा कागद यांचा लौकिक मोठा. दौलताबादेहून खुलताबादेकडे जाणाऱ्या वाटेवर कागजीपुरा नावाचे गाव आजही आहे, आणि महंमद तुघलकाने 1327च्या सुमारास राजधानी दक्षिणेत हलविली तेव्हा हे कारागीर इकडे आले, अशी परंपरा सांगतात. पेशवाईत जुन्नरचे कागदी पुण्यात येऊन वसले, आणि कसबा पेठेतला कागदीपुरा त्यांच्या नावाने अद्याप ओळखला जातो. जुने तागाचे दोर, गोणपाटे, चिंध्या यांचे तुकडे चुन्याच्या पाण्यात मुरवायचे, ढेकीखाली कुटायचे, नदीच्या वाहत्या पाण्यात धुवायचे, मग हौदात कालवलेल्या त्या रांध्यात गवताच्या काड्यांची बारीक चटई बुडवून एकेक ताव अलगद उचलायचा, भिंतीवर चिकटवून वाळवायचा, खळ लावायची आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटायचा, इतके संस्कार झाल्यावर बोरूखाली शाई न फुटणारा कागद तयार होई. घोटलेल्या कागदाला जी चमक असते ती केवळ शोभेची नव्हे. तिच्यावरून बोरू न अडखळता सरकतो, आणि हात न उचलता लिहावयाची मोडी लिपी अशा कागदावरच खुलते. मोडी लिहिणारा ओळभर आडवी रेघ आधी ओढून घेई आणि मग अक्षरे त्या रेघेखाली टांगीत जाई. कागद उभा दुमडून पाडलेली घडी हीच समासाची खूण. ओल्या अक्षरांवर वाळू भुरभुरवीत, आणि दोनअडीचशे वर्षांपूर्वीचे एखादे पत्र उलगडताना त्या वाळूचे कण आजही हाताला लागतात.

लेखनसाहित्याची इतकी गोडी ही काही रिकामटेकड्यांची हौस नव्हती, याची साक्ष एका विरक्ताने दिली आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. प्रपंचाचा त्याग केलेल्या समर्थांनी तेथे देशोदेशींचे बारीक, सरळ बोरू, टाक तोडण्याची नाना साधने, हिंगूळ, अळिता, शाईचा साठा, गोफ, बासने, शेंदरी मेणकापड आणि कुलुपाच्या पेट्या यांची यादी अशा ममतेने दिली आहे, की हा मनुष्य या वस्तू हाताळीत बसला असला पाहिजे याविषयी शंका राहत नाही. अक्षर वाटोळे व मोकळे असावे, ग्रंथ पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच टाकाने लिहिल्यासारखा दिसावा, तरुणपणी फार बारीक लिहू नये कारण म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही, असे ते बजावतात. त्यांची मला सर्वांत मोलाची वाटणारी सूचना समासाविषयीची आहे : पानाच्या चहूबाजूंनी जागा सोडावी, म्हणजे कागद झडला तर कडा झडेल, अक्षराला धक्का लागणार नाही. आपण ज्याला सौंदर्य समजतो त्या कोऱ्या किनारीमागे काळाशी केलेला हा एवढा हिशेब होता. समर्थांचे शिष्य कल्याणस्वामी यांच्या हातची दासबोधाची प्रत डोमगावी जपलेली आहे.

जुने लेखक ग्रंथाच्या शेवटी एक संस्कृत श्लोक लिहीत. पाठ, कंबर आणि मान मोडून, खाली मान घालून हे लिहिले आहे, तरी जिवापाड सांभाळा, असा त्याचा आशय. त्याच्याच जोडीला दुसरा श्लोक येतो, त्यात पुस्तकच वाचकाला विनविते की मला तेलापासून राख, पाण्यापासून राख आणि सैल बांधणीपासून राख. पाण्याच्या बरोबरीने शिवणीचे भय धरणारे हे लोक आपला धंदा जाणत होते.

पाण्याचे भय तर आपल्या वाङ्मयाला पुरते ठाऊक आहे. तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्या आणि तेरा दिवसांनी त्या तरल्या, ही कथा प्रत्येक मराठी मुलाने ऐकलेली असते. परंतु त्या कथेच्या जोडीला चाकणच्या संताजी जगनाडे या तेली समाजातल्या टाळकऱ्याची आठवण तितकीच ठेवली पाहिजे, कारण त्याने अभंग आपल्या वह्यांत उतरवून घेतले, आणि त्या वह्यांच्या आधाराने वि. ल. भावे यांनी पुढे अस्सल गाथा छापली. सरकारने चोवीस हजार रुपये खर्चून 1869 व 1873 साली गाथेचे दोन भाग प्रसिद्ध केले, तेही देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर येथील हस्तलिखिते जुळवूनच. ज्याच्या हातून घाण्याचे काम होत असे, त्यानेच रात्री दिव्यापाशी बसून वहीची पाने भरली. महाराष्ट्रात लेखन ही एका जातीची मिरास होती असे सरसकट म्हणणाऱ्यांनी या वहीकडे जरूर पाहावे.

सरकारी दप्तराची गोष्ट निराळी. तेथे कागद चौकोनी फडक्यात बांधत, त्या गाठोड्याला रुमाल म्हणत, आणि रोजकीर्द, पत्रे, हिशेब अशी त्यांची व्यवस्था लागलेली असे. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी 1930 ते 1934 या काळात पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे 45 खंड काढले, तेवढ्यानेही ते दप्तर सरले नाही. राजाचा हिशेब जपायला राजा होता. बाड जपायला केवळ घरचे माणूस होते. म्हणून विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव पायपीट करीत हिंडले, आणि 1898 पासून त्यांनी इतिहासाच्या साधनांचे जे खंड प्रसिद्ध केले त्यांच्यामागे माळ्यांवरून आणि अडगळीतून बाहेर काढलेली अशी कितीतरी दप्तरे आहेत. संशोधकांविषयी पूर्ण आदर ठेवून मला एक तक्रार नोंदवावीशी वाटते. बाडातून एक पोवाडा किंवा एक सनद उचलून छापताना तिच्या शेजारी काय होते, हे आपण बहुधा छापले नाही. त्यामुळे मजकूर राहिला, पण तो निवडणारा माणूस हरपला.

आमच्या घरी असे एक बाड होते. ते माझ्या पणजोबांचे. पहिल्या पानांवरचे मोडी अक्षर मोहरीसारखे, आणि शेवटी शेवटी ते तुरीच्या दाण्याएवढे झालेले. समर्थांचा इशारा त्यांनी पाळला नव्हता, पण वय वाढले तरी लिहिणे सोडले नव्हते. मधल्या एका पानावर फक्त पावसाच्या तारखा आहेत. ते बाड पाहिल्यापासून मी दरवर्षी दसऱ्याच्या आधी हातकागदाचे ताव आणतो, दुमडून त्यांचे जुज करतो, दाभणाने भोके पाडून मेण लावलेल्या दोऱ्याने शिवतो, आणि सरस्वतीपूजनाला ती कोरी वही मांडतो. आपण शिवलेल्या वहीत मनुष्य वायफळ लिहीत नाही, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

गिरणीचा कागद, पोलादी टाक आणि छापखाना यांनी एकोणिसाव्या शतकात कागद्यांचा धंदा बसविला. वर्ध्याच्या मगनवाडीत 1934 नंतर ग्रामोद्योग म्हणून, आणि पुण्यात 1940 मध्ये स्थापन झालेल्या हातकागद संस्थेत, तो पुन्हा उभा करण्याचे प्रयत्न झाले, आणि त्यामुळे आज हातकागद मिळतो तरी. बाडे मात्र पुन्हा निर्माण करता येत नाहीत. जीर्ण झालेले धार्मिक लेखन नदीत सोडण्याची आपल्याकडे रीत आहे आणि तिच्यामागचा भाव निर्मळ आहे. तरीही ज्या वाचकाच्या घरी माळ्यावर असे एखादे गाठोडे असेल, त्याला माझी विनंती आहे की त्याने ते पाण्यात सोडू नये, रद्दीत घालू नये, आणि चांगली पाने वेगळी काढण्यासाठी उसवूही नये. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर आहे. ते बाड, शिवण आहे तशी ठेवून, तेथे नेऊन द्यावे.