केळ्यावरचं चिलट आणि अंगातला राखणदार

पिकल्या केळ्यावर घोंगावणारं चिलट आपण फडक्याने हाकलतो. जर्मनीत ख्रिस्तियाने न्युसलाइन-फोलहार्ड या बाईंनी मात्र त्याच्या अळ्या वर्षानुवर्षं तपासल्या. अळीची पाठ कुठे, पोट कुठे हे ठरवणारं एक जनुक त्यांना सापडलं. त्याचं नाव 'टोल', म्हणजे जर्मनमध्ये 'अफलातून'.

१९९६ साली फ्रान्समध्ये ज्यूल हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत दिसलं, की टोल बिघडलेली चिलटं बुरशीने मरतात. मेल्यावर अंगावर बुरशीची लव. म्हणजे टोल राखणदारही होता! १९९८ साली अमेरिकेत ब्रूस बॉयटलर यांना उंदरांत तसाच राखणदार मिळाला. आपल्या पेशींवरही तो असतो. जंतूची खूण दिसली की लगेच हाकाटी करतो. त्याला लस लागत नाही, जंतूची आधीची ओळखही लागत नाही.

या उंदरांविषयी आम्ही गटात बराच वेळ बोललो. राखणदार बिघडलेल्या उंदरांना जंतूंचं विष टोचलं तरी ते जगले, धडधाकट मेले. जिवंत जंतू अंगात शिरले तर मात्र बिघडलेलेच आधी जात. हाकाटी हवीच, पण ती आवरली नाही तर आपलंच शरीर पोळतं. त्याला डॉक्टर सेप्सिस म्हणतात. बाळंतिणीला ताप, थंडी, धाप लागली तरी 'अंग ओलं आहे, होतं असं' म्हणत आपण दवाखान्यात न्यायला थांबतो, ते जिवावर बेततं.

हॉफमन आणि बॉयटलर २०११ च्या नोबेलचे मानकरी झाले. असे राखणदार असणारच, हे १९८९ सालीच सांगणारे चार्ल्स जेनवे त्याआधी, २००३ साली वारले होते.